किती देते?

आपल्याकडे नवी गाडी दारात आली की बघायला येणारा माणूस आधी तिच्याभोवती एक प्रदक्षिणा घालतो, टायरला हलकीशी लाथ मारतो आणि मग विचारतो, "किती देते?" हा प्रश्न कुणाला शिकवावा लागत नाही. म्हशीला विचारायचा तोच गाडीला. सोयरीक जुळवताना पगार विचारावा तितक्या सहजपणे आपण गाडीचं ॲव्हरेज विचारतो आणि उत्तर ऐकून "बरंय" किंवा "कमी आहे हो" असा निकाल देऊन चहाकडे वळतो.

माझ्याकडे एक जुनी, दोन माणसांची, छत उघडणारी गाडी आहे. १९९६ सालची माझदा मियाटा. गेली दहा-अकरा वर्षं ती न्यू जर्सीतल्या आमच्या घरासमोर उभी असते आणि येणारा प्रत्येक मराठी माणूस मला हाच प्रश्न विचारतो. मी उत्तर देतो, "अकरा." लिटरला अकरा किलोमीटर. मग एक छोटीशी शांतता पसरते. तेवढ्यात मी "म्हणजे इकडच्या भाषेत गॅलनला सव्वीस मैल" असं पुढे जोडतो, पण तोवर निकाल लागलेला असतो. एवढीशी गाडी, दोन सीट, सामान ठेवायला धड जागा नाही, आणि अकरा!

आता सांगून टाकतो की हा प्रश्न मला चुकीचा वाटत नाही. फक्त अपुरा वाटतो. आणि यंदा घरात खर्चाची कात्री बाहेर निघाली, तेव्हा तो किती अपुरा आहे हे कागदावर मांडायची वेळ आली. लेक कॉलेजला चालली आहे. अमेरिकेत मूल कॉलेजला जाणं म्हणजे काय हे ज्यांनी फीचं पत्रक पाहिलंय त्यांना सांगायला नको, आणि ज्यांनी पाहिलेलं नाही त्यांची झोप मी का उडवू? तर बायकोनं एका रविवारी जेवणाच्या टेबलावर कागद ठेवला. 'काय काय कमी करता येईल' अशी यादी. पहिल्या क्रमांकावर काय होतं हे चतुर वाचकांनी ओळखलं असेलच.

तिचं म्हणणं अगदी सरळ होतं. शौकाची गाडी, दोनच माणसांची, पेट्रोल पिते, वर जुनी. विकून टाकू.

मी म्हटलं, आधी हिशेब करू.

हिशेब माझ्याकडे होता, कारण ती खोड वडिलोपार्जित आहे. बाबांच्या बजाज चेतकची एक वही होती. त्या काळी स्कूटरसाठी नंबर लावून वर्षानुवर्षं वाट बघावी लागे. इतकी वाट बघून आलेल्या वस्तूचा हिशेब ठेवणार नाही तो सातारकर कसला? लांबट, पुठ्ठ्याच्या बांधणीची वही आणि हातानं आखलेले पाच रकाने: तारीख, किलोमीटर, लिटर, रुपये, कारण. टाकी पूर्ण भरायची, आकडा लिहायचा, पुढच्या वेळी पुन्हा पूर्ण भरायची आणि मधल्या किलोमीटरना लिटरनं भागायचं. इतकी साधी आणि इतकी बिनचूक पद्धत. मी आजही तीच वापरतो, फक्त वहीच्या जागी एक्सेल आलं.

यात न्यू जर्सीची एक गंमत आहे. इथे आपल्या हातानं पेट्रोल भरायला कायद्यानं बंदी आहे. १९४९ पासूनचा कायदा. २०२३ मध्ये ओरेगॉननं आपला तसलाच नियम सैल केला, तेव्हापासून अशी सरसकट बंदी असलेलं हे एकटंच राज्य उरलं. त्यामुळे टाकी 'पूर्ण' म्हणजे किती, हे पंपावरच्या माणसाच्या मनावर असतं. कुणी नळी खट् वाजली की थांबतो, कुणी पुढे दोन खट् करून डॉलरचा आकडा गोल करतो. एका टाकीचं ॲव्हरेज म्हणूनच खरं धरायचं नाही. दहा टाक्यांचं धरावं. माझं सव्वीस हे अशा बऱ्याच टाक्यांचं सार आहे.

पण सव्वीसच का? गाडी हजार किलोच्या थोडीशीच वर, इंजिन १.८ लिटरचं. तिच्यापेक्षा कितीतरी जड, चार दारांच्या, पाच माणसांच्या गाड्या हायवेवर तिच्यापेक्षा जास्त देतात. हे कोडं मला बरेच दिवस पडलं होतं. त्याचं उत्तर वजनात नाही, दोन वेगळ्याच गोष्टींत आहे. एक म्हणजे गिअर. या गाडीचा पाचवा गिअर आरामाचा नाही. पासष्ट मैलांच्या वेगाला तिचं इंजिन मिनिटाला सव्वातीन हजार फेऱ्यांच्या घरात फिरत असतं. त्याच वेगाला नेहमीची सेदान दोन हजारांच्या आसपास निवांत गुणगुणत असते. गाडीनं पाय दाबताक्षणी ओ द्यावी म्हणून तिला कायम जागं ठेवलेलं आहे आणि जागरणाचं पेट्रोल लागतं. दुसरी गोष्ट वारा. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो, त्यामुळे हायवेच्या एकसारख्या वेगाला वजनापेक्षा वाराच जास्त खातो. छत उघडं टाकलं की डोक्यावरून नुसती सुखद झुळूक जात नाही, गाडीच्या पाठीमागे भोवऱ्यांचा गोंधळ चालू असतो. त्याची किंमत टाकीतून जाते.

कागदावरच्या आकड्यांवरही फार विसंबू नये. अमेरिकेच्या पर्यावरण खात्यानं २००८ च्या मॉडेलपासून ॲव्हरेज काढायची पद्धत बदलली. जास्त वेग, चालू एसी, कडाक्याची थंडी हे सगळं त्यात धरलं आणि जुन्या गाड्यांचे आकडेही मागे जाऊन खाली आणले. म्हणजे एका रात्रीत लाखो गाड्यांचं ॲव्हरेज कमी झालं आणि एकाही गाडीनं थेंबभर जास्त पेट्रोल प्यायलं नाही!

बरं, आता मुख्य हिशेब. २०१४ च्या शेवटी मी ही गाडी ४,२०० डॉलरना घेतली. घड्याळात ७८,००० मैल होते. पुढच्या दहा वर्षांत, म्हणजे २०१५ ते २०२४, मी ती ३१,००० मैल चालवली. एवढ्यात पेट्रोल लागलं साधारण १,२०० गॅलन. त्याचे झाले ३,६०० डॉलर.

"बघ," बायको म्हणाली, "साडेतीन हजार डॉलर नुसते फिरण्यात."

"पुढे वाच," मी म्हटलं. (हे म्हणताना माझा आवाज थोडा खाली आला होता, कारण पुढे काय आहे हे मला माहीत होतं.)

विमा दहा वर्षांचा ६,००० डॉलर. नोंदणी वगैरे सरकारी देणी ५००. दुरुस्ती आणि देखभाल ६,५००. त्यात टायमिंग बेल्ट आणि सोबत पाण्याचा पंप ९००, क्लच १,०००, नवं कापडी छत बसवून ११००, टायरचे दोन संच ८५०, रेडिएटर ३५०, तीन बॅटऱ्या ५१०, मागच्या ब्रेकचे कॅलिपर ४५०, दहा वर्षांचं ऑइल बदलणं ७०० आणि बाकी किरकोळ. एकूण बेरीज १६,६००. गाडी ४,२०० ची आणि तिच्यावर खर्च १६,६००. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला ही म्हण ज्यानं केली त्यानं जुनी स्पोर्ट्स कार नक्की बाळगली असणार. माझं प्रमाण तर त्याहूनही जास्त येतंय हो!

पण या बेरजेत एक गोष्ट लक्षात घ्या. १६,६०० पैकी पेट्रोल ३,६००. शंभरातले बावीससुद्धा नाहीत. ज्या प्रश्नावरून आपण गाडीचा निकाल लावतो, त्याचं उत्तर खर्चाच्या पाचव्या हिश्श्याबद्दल बोलतं. बाकीचे चार हिस्से मुकाट्यानं जातात. पेट्रोलचा खर्च डोळ्यांसमोर आकडे फिरत होतो म्हणून तो टोचतो. विमा खात्यातून परस्पर जातो. रबर वाळतं ते रात्री, आवाज न करता.

आणि या चार हिश्शांचा स्वभाव पेट्रोलपेक्षा अगदी वेगळा. पेट्रोल गाडी चालवल्यावर जळतं. हे बाकीचे बरेचसे नुसत्या कॅलेंडरवर चालतात. टायमिंग बेल्ट साठ हजार मैलांनी बदलायचा असं पुस्तकात लिहिलेलं असतं, पण कमी चालणाऱ्या गाडीत मैल भरायच्या आधी रबराचं वय भरतं. टायरचंही तसंच. माझ्या टायरचे दोन्ही संच घासून नाही गेले, म्हातारे होऊन गेले. या गाडीची बॅटरी मागच्या डिकीत असते, ती नेहमीच्या मापाची नाही, म्हणून दोन पैसे महाग, आणि उभ्या गाडीत ती सगळ्यात आधी मान टाकते. मागची खिडकी मुळात प्लास्टिकची. छत खाली घेण्याआधी तिची चेन उघडून ती सपाट झोपवायची असते आणि थंडीत तिला हात लावायचा नसतो, नाहीतर पापडासारखी मोडते. (नवं छत घेताना मी काचेच्या खिडकीचं घेतलं.) पावसाचं पाणी छताच्या दोन्ही कोपऱ्यांतल्या बारीक वाटांनी खाली उतरतं. त्यांत पानं अडकली की पाणी आतल्या पत्र्यात साचतं आणि गंज धरतो. यातल्या एकाही गोष्टीचा गाडी किती चालली याच्याशी संबंध नाही.

माझ्याकडच्या दोन वर्षांचे आकडे शेजारी शेजारी ठेवतो. २०१६ मध्ये पेट्रोल स्वस्त होतं, माझं ऑफिस जरा लांब होतं आणि मी ६,००० मैल गाडी चालवली. वर्षाचा सगळा मिळून खर्च आला १,२४० डॉलर. मैलाला एकवीस सेंट. २०२० मध्ये जग बंद होतं. गाडी चालली फक्त ४०० मैल. पेट्रोल नावालाच लागलं. पण विमा होताच, नोंदणी होतीच, बॅटरी गेली आणि उभ्या उभ्या मागचे कॅलिपर धरले. वर्षाचा खर्च १,३४० डॉलर. मैलाला तीन डॉलर पस्तीस सेंट! पंधरापट कमी फिरलो आणि शंभर डॉलर जास्त दिले.

लहानपणी आजी एक कोडं घालायची. भाकरी करपली का, घोडा अडला का, विद्या विसरली का? तिन्हीचं उत्तर एकच, न फिरवल्यामुळे. माझदाचे इंजिनिअर या गाडीबद्दल बोलताना 'जिनबा इत्ताई' असा एक जपानी शब्द वापरतात. घोडा आणि स्वार एक होणे, असा त्याचा अर्थ. १९८९ मध्ये शिकागोच्या प्रदर्शनात ही गाडी पहिल्यांदा लोकांसमोर आली, तेव्हा तशा छोट्या, हलक्या, उघड्या ब्रिटिश गाड्या जवळजवळ संपल्या होत्या. किंमत ठेवली होती १३,८०० डॉलर, म्हणजे नोकरदार माणसाच्या आवाक्यातली. पुढे २०१६ पर्यंत दहा लाख गाड्या झाल्या. इतकी खपली म्हणूनच तिचे सुटे भाग आजही परवडतात. पण घोडा तो घोडाच. तबेल्यात ठेवला तरी चारा लागतो आणि फिरवला नाही तर अडतो.

गंमत म्हणजे सगळी व्यवस्था आपल्याला गाडी न फिरवण्याकडे ढकलत असते. जुन्या, हौशी गाड्यांसाठी वेगळा स्वस्त विमा मिळतो, पण त्यात बहुतेक वेळा अट असते की गाडी रोजच्या कामाला वापरायची नाही. लोकही सांगतात, जपून ठेव, किंमत वाढेल. किंमत वाढलीय हे खरं. चांगल्या स्थितीतल्या पहिल्या पिढीच्या मियाटांना आता मान आहे. मला मागच्या वर्षी एकानं ६,००० डॉलर देऊ केले होते. म्हणजे विकत घेतल्यापासून तिची किंमत कमी न होता वाढली.

आणि इथेच माझ्या डोक्यात दुसऱ्या गाडीचा विचार आला.

आमच्याकडे तीन गाड्या होत्या. बायकोची हायब्रिड, ही मियाटा आणि सात माणसांची, उंच, प्रतिष्ठित अशी एसयूव्ही. एसयूव्ही २०१७ मध्ये नवी घेतली होती, ३४,००० डॉलरना. बायकोच्या यादीत तिचं नाव नव्हतं. माझ्याही मनात ते कधी आलं नव्हतं. ती 'गरजेची' गाडी. गरजेच्या गाडीला कुणी "किती देते?" विचारत नाही, आणि विचारलंच तर "एवढी मोठी गाडी म्हटल्यावर वीस काय वाईट?" असं आपणच म्हणतो. तिची आज विचारपूस केली तेव्हा उत्तर आलं १५,०००. म्हणजे आठ वर्षांत १९,००० डॉलर घसाऱ्यात गेले. पेट्रोल नाही, विमा नाही, दुरुस्ती नाही, नुसती हवा. माझ्या उधळ्या गाडीचा दहा वर्षांचा सगळा खर्च त्याहून कमी आहे. नव्या गाडीचा सगळ्यात मोठा खर्च हाच असतो आणि त्याचं बिल कधीच येत नाही.

पेट्रोलचंही तेच. २००८ मध्ये ड्यूक विद्यापीठातल्या रिचर्ड लॅरिक आणि जॅक सॉल यांनी 'सायन्स' या नियतकालिकात एक छोटा लेख लिहिला होता. गॅलनला किती मैल, हा आकडा माणसाला फसवतो, असं त्यांचं म्हणणं. दहा हजार मैल चालणारी गाडी दहाची वीसवर गेली तर ५०० गॅलन वाचतात. पंचवीसची पन्नासवर गेली तर वाचतात फक्त २००. दुसरी झेप कानाला मोठी वाटते, पण पेट्रोल पहिलीत वाचतं. म्हणजे ॲव्हरेज एकटं बघायचं नाही, ते किती मैलांवर लागू होतंय हेही बघायचं. माझी मियाटा वर्षाला सरासरी ३,१०० मैल चालते, तिला लागतात १२० गॅलन. तिनं जादूनं चाळीस दिले असते तरी माझे वर्षाला चाळीसएक गॅलनच वाचले असते. एसयूव्ही मात्र वर्षाला बारा हजार मैल, गॅलनला वीसनं चालत होती. सहाशे गॅलन! घरातलं पेट्रोल कोण पीत होतं आणि नाव कुणाचं खराब होतं?

हे सगळं बायकोनं शांतपणे ऐकलं. ती बँकेत ऑडिट करते. आकड्यांपुढे ती हट्ट करत नाही, हा तिचा मोठेपणा. पण ती म्हणाली, "हे सगळं खरं असलं तरी मियाटाचे वर्षाला सोळाशे साठ डॉलर जातातच ना? ते कशासाठी, ते लिही."

याला माझ्याकडे आकड्यात उत्तर नव्हतं. उत्तर बाबांच्या वहीत होतं.

बाबा २०१८ मध्ये इथे आले होते. वय अठ्ठ्याहत्तर. गाडी बघितली, प्रदक्षिणा झाली, प्रश्न झाला. "अकरा," मी म्हटलं. ते थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "मग घेताना स्वस्त मिळाली असेल." दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र कानटोपी घालून तयार! आम्ही राज्याच्या वायव्य कोपऱ्यात डेलावेअर वॉटर गॅपच्या बाजूला गेलो. तिकडे थोडे डोंगर आहेत, वळणाचे रस्ते आहेत. एका उतारावर ते म्हणाले, "न्यूट्रल कर की."

त्यांचं बरोबर होतं. साताऱ्याहून पुण्याला स्कूटरनं जाताना ते खंबाटकीचा उतार आणि कात्रजचा उतार इंजिन बंद करून उतरायचे. मी मागे बसलेला. एकदम सगळा आवाज थांबायचा आणि फक्त वारा आणि टायरची सळसळ ऐकू यायची. खाली आल्यावर गिअर टाकला की स्कूटर पुन्हा बोलायला लागायची. त्या दोन उतारांचं वाचलेलं पेट्रोल वहीत दिसायचं.

मी त्यांना सांगितलं की या गाडीत उलटं आहे. हिच्यात पेट्रोल फवाऱ्यानं इंजिनात जातं. गिअरमध्ये ठेवून पाय काढला की उतारावर चाकंच इंजिनाला फिरवतात आणि फवारा बंदच होतो. न्यूट्रल केली तर इंजिन चालू ठेवायला थोडं पेट्रोल द्यावं लागतं. इंजिनच बंद केलं तर ब्रेकची आणि स्टिअरिंगची मदत जाते.

"म्हणजे गिअरमध्ये असताना आत्ता शून्य?"

"शून्य."

"खरंच शून्य?"

"खरंच."

त्यांच्या चेहऱ्यावरचा आनंद मी विसरणार नाही. नायगारा बघूनही ते इतके खूश झाले नव्हते. पुढच्या प्रत्येक उतारावर ते पुटपुटत होते, "शून्य... शून्य..."

२०२१ मध्ये बाबा गेले. त्या दिवसांत मला जाता आलं नाही. नंतर गेलो तेव्हा भावानं विचारलं, काय हवंय, आणि मी ती वही घेतली. इकडे आल्यावर एका रात्री पहिल्या पानापासून वाचली. 'कारण' या रकान्याकडे लहानपणी माझं कधी लक्ष गेलं नव्हतं. ऑफिस. ऑफिस. बाजार. ऑफिस. आईचं औषध. शाळा, फी. पुणे, लग्न. ऑफिस. आणि मध्येच कुठेतरी एकच शब्द: सहज. 'यवतेश्वर, सहज.' मी मोजलं. सतरा वर्षांच्या वहीत असे 'सहज' नऊ आहेत. यवतेश्वरच्या एका फेरीला मी पुढे उभा होतो, हँडलच्या मध्ये धरून. वरून सगळं सातारा दिसत होतं. ते मला आठवतं.

मला त्यातली एक गोष्ट सारखी जाणवते. त्या नऊ नोंदींपुढचे बाकीचे रकाने रिकामे नाहीत. किलोमीटर आहेत, लिटर आहेत, रुपये आहेत. बाबांनी 'सहज' चा खर्च लपवला नाही आणि त्याला दुसऱ्या कारणाचं नावही दिलं नाही. बाजाराच्या फेरीत तो सहज घुसवता आला असता. आपण सगळे तेच करतो. सात सीटच्या गाडीला आपण गरज म्हणतो, आणि तिच्यात चढवलेली आपली हौस घसाऱ्यात परस्पर जिरून जाते. बाबांकडे 'सहज' साठी फार पैसे नव्हते. होते तेवढे त्यांनी खर्च केले आणि स्वच्छ अक्षरात लिहून ठेवले.

वही मी बायकोला दाखवली. तिनं बराच वेळ चाळली. काही बोलली नाही. मग म्हणाली, "एसयूव्हीचे पंधरा हजार नक्की मिळतील ना?"

मिळाले. लेक वसतिगृहात राहणार, तेव्हा सात सीट आता कुणासाठी? हायब्रिडमध्ये पाच माणसं बसतात. मी मियाटा एप्रिलपासून ऑफिसला न्यायला लागलो, डिसेंबरमध्ये रस्त्यांवर मीठ पडायला लागलं की मार्चपर्यंत रेल्वेनं जाणार. मीठ आणि जुना पत्रा यांचं वैर आहे. पावसाळी दिवशी छत थोडं ठिबकतं, ट्रकशेजारून जाताना आपण त्याच्या चाकाच्या उंचीला असतो आणि दोन पिशव्यांपलीकडे वाणसामान बसत नाही. या गैरसोयी खऱ्या आहेत, आणि मला त्या रोज भेटतात.

असो. कुणाला अशी जुनी गाडी घ्यायची असेल तर एवढंच सांगेन की "किती देते?" हा प्रश्न शेवटी विचारा. आधी विचारा टायमिंग बेल्ट कधी बदलला, मैलांत नको, वर्षांत सांगा. टायरच्या कडेवरचे शेवटचे चार आकडे वाचा, त्यातले पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन साल सांगतात. वाकून दारांखालचा पत्रा बघा. छताच्या कोपऱ्यात ग्लासभर पाणी ओतून ते खाली पडतंय का ते पाहा. विम्याचा आकडा गाडी घेण्याआधी मागवा. आणि स्वतःला विचारा की ती आठवड्याला एकदा तरी चालवणार आहात का. नसाल, तर ती गाडी लिटरला पन्नास देत असली तरी तुम्हाला परवडणार नाही.

माझ्या एक्सेलमध्ये आता पाचवा रकाना आलाय. बहुतेक ओळींत 'ऑफिस' आहे. मागच्या शनिवारी लेकीला घेऊन बाहेर पडलो. ती जायच्या आधीचा शेवटून दुसरा शनिवार होता. कुठे जायचं ठरवलं नव्हतं. तिनं विचारलं आपण कशासाठी चाललोय, आणि मी तिला पाचवा रकाना समजावून सांगितला. चौऱ्याण्णव मैल, साडेतीन गॅलन. रुपयांच्या जागी डॉलर लिहिले, पूर्ण लिहिले.